वाई ते सातारा, सात दिवस पायी: थंडीतला शिधा आणि ऊब

डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीत पाऊस नसतो, वाटा सुकलेल्या असतात, दूरवरचं स्वच्छ दिसतं. म्हणून बरेच नवखे पहिली लांबची पायी चाल याच दिवसांत ठरवतात. बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. ते कपड्यांची यादी एका कागदावर करतात आणि शिध्याची दुसऱ्या. डोंगरात या दोन गोष्टी वेगळ्या नसतात. रात्री आठला अर्धपोटी झोपलेला माणूस कितीही महागड्या स्लीपिंग बॅगेत असला तरी पहाटे तीनला कुडकुडत उठतो, कारण बॅग ऊब तयार करत नाही, अंगातली ऊब फक्त धरून ठेवते. म्हणून आखणी उलट्या बाजूने करा. खायला कुठे आणि काय मिळणार हे आधी, त्यावरून मुक्काम, आणि मग कपडे.

इथे उदाहरण म्हणून सात दिवसांचा एक मार्ग घेतला आहे. वाईहून खासगी गाडीने नांदगणे किंवा वासोळे, तिथून कमळगड. दुसऱ्या दिवशी कोळेश्वरच्या पठारावरून कृष्णेच्या खोऱ्यातल्या जोर गावात. तिसऱ्या दिवशी जोरहून घाट चढून क्षेत्र महाबळेश्वर. चौथा दिवस तापोळ्याकडे उतरण्यात जातो. पाचव्या दिवशी शिवसागर जलाशय बोटीने ओलांडून बामणोली, सहाव्या दिवशी कास आणि सातव्या दिवशी यवतेश्वरवरून सातारा. कोळेश्वरचं पठार दाट रानाचं आहे, ढोरवाटा फुटतात, गव्यांचा वावर आहे. तिथे गावातला वाटाड्या घ्याच, या बाबतीत काटकसर नको. जंगलाच्या हद्दीत कुठे थांबता येतं आणि कुठे नाही हे निघण्याआधी वनखात्याला विचारून घ्या. बामणोलीपलीकडे, वासोट्याच्या बाजूला कोयना अभयारण्य आहे. तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही आणि रात्रीचा मुक्काम करता येत नाही, त्यामुळे या चालीत ते धरलेलं नाही.

शिधा कुठे भरायचा

या मार्गावर नीट बाजारपेठ तीनच ठिकाणी आहे: वाई, महाबळेश्वर आणि शेवटी सातारा. मधल्या गावांत दुकान असलं तरी ते गावकऱ्यांच्या गरजेपुरतं असतं. चहा-साखर, बिस्किटं, तेल, मीठ, काडेपेटी, साबण एवढं बहुधा मिळतं. पण दुकानदार शेतावर किंवा लग्नाला गेला असेल तर दार बंद, आणि त्या दिवशी तुमचा शिधा शून्य. गावातल्या दुकानातून जे मिळेल ते वरकड समजा, त्यावर जेवण टाकू नका.

म्हणून वाटेचे दोन टप्पे पाडायचे. पहिला वाई ते महाबळेश्वर, तीन दिवसांचा. त्यासाठी तीन दिवसांचा शिधा आणि वर एका दिवसाचा राखीव. दुसरा महाबळेश्वर ते सातारा, चार दिवसांचा. यात तापोळा आणि बामणोली इथे पर्यटकांमुळे जेवण मिळतं, म्हणून तीन दिवसांचा शिधा पुरतो. मात्र तिथेही आदल्या दिवशी फोन करून किती माणसं येणार ते सांगितलेलं बरं, कारण आडवारी खानावळी चूल पेटवतीलच असं नाही.

महाबळेश्वरच्या बाजारात सगळं मिळतं, पण भाव पर्यटनाचे असतात, आणि क्षेत्र महाबळेश्वरहून बाजारपेठेत जाऊन यायला दहा-बारा किलोमीटरची पायपीट किंवा गाडीभाडं पडतं. सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा शिधा घरीच बांधून गाठोडं आधी पोचवणं. जिथे तिसऱ्या रात्री उतरणार आहात त्या लॉजवर किंवा घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ते ठेवता येतं. गाठोड्यावर नाव, फोन आणि पोचण्याची तारीख ठळक लिहा. आत शिध्याबरोबर कोरडे मोजे, टॉर्चचे सेल आणि रिकामी गोणपाटी पिशवी ठेवा. त्या पिशवीत पहिल्या टप्प्याचा कचरा आणि नको असलेलं सामान परत पाठवता येतं. पत्र्याच्या डब्याला प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा प्राधान्य द्या. महाबळेश्वरात माकडं आहेत आणि कोठीत उंदीर.

रोख पैसे घ्या. कोयनेच्या खोऱ्यात मोबाइलची रेंज येते-जाते, आणि रेंज नसली की फोनवरून पैसे देता येत नाहीत. दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा हव्यात. खेड्यात पाचशेची मोड मागणं म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकणं. कुणाच्या घरी पिठलं-भाकरी जेवलात तर सांगतील ती रक्कम द्या, घासाघीस करू नका. एवढ्या उंचावर सरपण आणि पीठ पाठीवरून येतं.

एका माणसाला एका दिवसाला किती

थंडीत दिवसभर ओझं घेऊन चढणाऱ्याला सुमारे २,८०० किलोकॅलरी लागतात असं धरून चाला. धिप्पाड माणसाला याहून जास्त. कोरड्या शिध्यात ते साधारण ७०० ग्रॅमच्या आत बसतं:

- तांदूळ १५० ग्रॅम, सालाची नसलेली मूगडाळ ६० ग्रॅम
- पोहे ८० ग्रॅम
- कडक भाकरी १२० ग्रॅम, तिच्याबरोबर शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी २५ ग्रॅम
- भाजलेले शेंगदाणे ७५ ग्रॅम, गूळ ५० ग्रॅम, बेदाणे ४० ग्रॅम
- तूप ३० ग्रॅम
- दूध पावडर ३० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, चहापत्ती चिमूटभर

तूरडाळ मुद्दाम टाळली आहे. महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १,३५० मीटरवर, पाणी साडेपंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर नसताना तूरडाळ तिथे तासभर रटरटली तरी दाताखाली येते आणि गॅस संपतो तो वेगळाच. मूगडाळ आणि तांदूळ अर्धा तास भिजवून घेतले की पंधरा-वीस मिनिटांत खिचडी होते. मीठ, हळद, तिखट, हिंग, जिरं घरीच एकत्र करून एका छोट्या डबीत घ्या.

तुपाचं महत्त्व नवख्यांना पटत नाही. वजनाच्या मानाने सर्वांत जास्त ऊर्जा त्यातच आहे, शंभर ग्रॅमला जवळजवळ ९०० किलोकॅलरी. रात्रीच्या खिचडीवर दोन मोठे चमचे तूप घातलं तर ते सावकाश पचतं आणि पहाटेपर्यंत अंगात शेगडी राहते. फक्त बाटलीत नेऊ नका. थंडीत ते थिजतं आणि निमुळत्या तोंडातून बाहेर येत नाही. रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची बरणी घ्या.

कडक भाकरी हा आपल्याकडचा जुना आणि उत्तम प्रवासी शिधा आहे. ती पातळ थापलेली आणि पूर्ण सुकलेली असली तर आठ-पंधरा दिवस टिकते. तिचे दोन शत्रू: दाब आणि दमट हवा. बॅगेत चेपली की तिचा भुगा होतो, म्हणून सपाट डब्यात. आणि पठारावरच्या दहिवरात डबा उघडा राहिला तर सकाळपर्यंत ती चिवट होते, पुढे दोन दिवसांत बुरशी धरते. भाकरी वाकवून पाहा. कटकन तुटली तर चांगली, वाकली तर त्याच दिवशी संपवा. ताजी भाकरी एक दिवसच धरा. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या थंडीत दोन दिवस चांगल्या राहतात, म्हणून पहिल्या दोन दिवसांचं दुपारचं जेवण दशमी आणि चटणीवर काढा, कडक भाकरी पुढे वापरा.

सगळा शिधा एकाच पिशवीत भरला की पहिल्या दोन दिवसांत चांगलंचुंगलं संपतं आणि चौथ्या दिवशी नुसते पोहे उरतात. प्रत्येक दिवसाचं वेगळं पाकीट करा, त्यावर वार लिहा. त्यातलं शेंगदाणे-गूळ-बेदाणे खिशात ठेवायचं, दर तासाला मूठभर खायचं. भूक लागेपर्यंत थांबू नका. भूक जाणवते तेव्हा शरीर मागे पडलेलं असतं आणि संध्याकाळी त्याची किंमत थंडीच्या रूपात मोजावी लागते.

पाणी

डिसेंबरात पठारावरचे ओहोळ आटायला लागतात. माथ्यावर पाणी आहे असं कुणी सांगितलं तर तो कधी गेला होता ते विचारा. सप्टेंबरातलं पाणी पौषात नसतं. प्रत्येक गावातून निघताना तीन लिटर भरून घ्या. थंडीत तहान कमी लागते, पण श्वासावाटे आणि घामावाटे पाणी जातच असतं. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलं समजा. ओढ्या-झऱ्याचं पाणी एक मिनिट खळखळून उकळा किंवा क्लोरिनची गोळी टाकून वेष्टनावर सांगितलेला वेळ थांबा. पाणी गार असेल तर गोळीला जास्त वेळ लागतो.

थंडी कुठे साठते

उंची वाढली की हवा गार होते, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. वाईपेक्षा महाबळेश्वर सहाशेहून अधिक मीटर उंच आहे, म्हणजे दिवसा चारेक अंशांचा फरक. पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हे गणित उलटतं. जमीन उघड्या आकाशाकडे ऊब सोडते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली वाहत जाऊन खोलगट जागी साचते. महाबळेश्वरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या बहुतेक वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या, गावठाणाच्या नाहीत. गवताचं पातं आणि गाडीचं टप सभोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं, म्हणून हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही तिथे पांढरा थर दिसतो. तापोळा-बामणोली महाबळेश्वरपेक्षा कितीतरी खाली, पण जलाशयाकाठी पहाटे धुकं असतं आणि त्या ओल्या गारठ्यात कपडे वाळत नाहीत.

यावरून मुक्कामाची जागा ठरते. ओढ्याच्या पात्रात, तळ्याकाठी, दरीच्या बुडाशी तंबू लावायचा नाही. कड्याच्या टोकावरही नाही, तिथे वारा झोडपतो. उताराच्या मध्यावर, वाऱ्याच्या आडोशाला, झाडाखालची सपाट जागा सर्वांत उबदार. झाडाची फांदी वर असली की दहिवरही कमी पडतं. त्या झाडावर आग्या मोहोळ नाही ना, एवढं मात्र उजेडातच पाहून घ्या. देवळात किंवा कुणाच्या पडवीत जागा मिळाली तर तंबूचा हट्ट धरू नका.

घाम, मग थंडी

सह्याद्रीतल्या थंडीचा खरा धोका घामातून येतो. दुपारी ऊन तापतं, चढावर अंग भिजतं, आणि माथ्यावर वारा लागला की तोच ओला सदरा पाठीला बर्फासारखा चिकटतो. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि सुकायला वेळ लावतं. म्हणून चालताना पॉलिएस्टरचा पातळ टी-शर्ट, जीन्स अजिबात नाही. चढ सुरू होण्याआधी स्वेटर काढा, सुरुवातीला थोडं गार वाटलं तरी चालेल. माथ्यावर पोचल्याबरोबर, बसण्याआधी, विंडचीटर चढवा. हा एक नियम पाळला तरी निम्मी आजारपणं टळतात.

सोबत हवं ते एवढंच: चालायचे दोन टी-शर्ट, एक फ्लीस (मऊ, लवदार कापडाचं जाकीट), एक विंडचीटर, थांबल्यावर घालायचं एक हलकं पफ जॅकेट, कानटोपी, हातमोजे, मफलर आणि लोकरी मोज्यांचे तीन जोड. झोपायचे कपडे वेगळे. थर्मलचा एक संच आणि मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला. तो घालून कधीही चालायचं नाही, सकाळी कितीही मोह झाला तरी. ओले कपडे अंगात घालून झोपलात तर रात्रभर तुमची ऊब ते सुकवण्यात जाते.

माण-खटावकडची धनगरी घोंगडी कुणाकडे असेल तर प्रश्न येतो, न्यावी का. लोकर दमट झाली तरी ऊब देते, ठिणगीने चटकन पेटत नाही, खाली अंथरता येते आणि वर पांघरताही येते. पण वजन दोन-तीन किलो. पाठीवर सगळं वाहायचं असेल तर ती घरी ठेवा. मुक्काम पक्के असतील आणि सामान गाडीने पुढे जाणार असेल तर जरूर न्या.

झोप

स्लीपिंग बॅगेवर तापमानाचे दोन-तीन आकडे असतात. ‘कम्फर्ट’ लिहिलेला आकडा पाहा, ‘लिमिट’ किंवा ‘एक्स्ट्रीम’ नव्हे. पाच अंश किंवा त्याहून कमी कम्फर्ट असलेली बॅग या भागाला पुरते. बॅगेपेक्षा खालचं अंथरूण महत्त्वाचं, कारण अंगाखाली दबलेला कापूस किंवा पिसं हवा धरत नाहीत आणि जमीन सरळ ऊब ओढते. कॅरीमॅटखाली, म्हणजे अंथरायच्या फोमच्या पट्टीखाली, भाताचा पेंढा मिळाला तर उत्तम. जोर, तापोळा भागात खळ्यावर पेंढ्याच्या गंजी असतात. मालकाला विचारून दोन पेंढ्या घ्या, सकाळी होत्या तशा रचून ठेवा. पेंढ्याशेजारी काडी ओढू नका.

झोपण्याच्या अर्धा तास आधी खा. एक लिटरची घट्ट झाकणाची बाटली गरम पाण्याने भरा, उलटी करून गळत नाही ना पाहा, मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये ठेवा. चार तास ती ऊब देते, आणि सकाळी तेच पाणी चहाला. रात्री लघवीला उठायचा कंटाळा करू नका. तोंड स्लीपिंग बॅगेच्या आत घेऊन झोपू नका, श्वासाची वाफ आत साठते आणि दोन रात्रींत बॅग दमट होते. तोंड बाहेर, डोक्यावर कानटोपी. तंबूच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवा. पूर्ण बंद तंबूत पहाटे छतावर थेंब जमतात, आणि कुणी कूस बदलताना कापडाला धक्का लागला की ते सगळे एकदम अंगावर येतात.

गॅस

छोट्या शेगडीच्या डब्यात बहुधा ब्युटेन असतो. तो −०.५ अंशाखाली वायू होतच नाही. हवा सहा-सात अंश असली तरी जळताना आतला द्रव वायू होत असतो आणि त्यातून डबा स्वतःच आणखी गार पडतो. म्हणून पहाटे ज्योत सुरुवातीला निळी आणि जोरकस, मग पाच मिनिटांत मलूल. गॅस संपला समजून लोक अर्धा भरलेला डबा टाकून देतात. उपाय: डबा रात्री स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा, आणि वापरताना उथळ ताटलीत कोमट पाणी घालून त्यात उभा करा. उभ्या डब्याच्या शेगडीलाच हे जमतं. पाणी कोमटच हवं, गरम नको. वाऱ्यासाठी आडोसा करा, पण चारी बाजूंनी पत्रा लावून डबा कोंडू नका, तापून फुटतो. तंबूच्या आत शेगडी कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दोघांना दिवसाला तीन लिटर पाणी उकळायचं म्हटलं तर वारा धरून साधारण ६० ग्रॅम गॅस जातो, खिचडी शिजवायची तर आणखी थोडा. २२५ ग्रॅमचा एक डबा तीन दिवस धरा. एसटीत ज्वालाग्राही वस्तू नेता येत नाहीत, म्हणून डबा वाईतच मिळतो का ते आधी विचारून ठेवा. उघड्यावर शेकोटी नको. डिसेंबरातलं गवत एका ठिणगीने पेटतं, आणि पठारावरचा वणवा दोन माणसांना विझत नाही.

दिवसाचं घड्याळ

डिसेंबरात या भागात सातच्या सुमारास उजाडतं आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चालायला साडेसातला सुरुवात, दुपारी मोठा थांबा उन्हात. त्या वेळी स्लीपिंग बॅग उलटी करून झुडपावर पसरायची, अर्ध्या तासात दमटपणा जातो. नवख्यांकडून हे राहून जातं. साडेचारला मुक्कामाच्या जागी असायला हवं. उजेडात तंबू, पाणी आणि स्वयंपाक, सहाच्या आत कोरडे कपडे. सूर्य डोंगराआड गेला की पंधरा मिनिटांत हवा बदलते, आणि ओल्या टी-शर्टमध्ये गप्पा मारत बसलेल्याला हुडहुडी तिथेच भरते.

कुणी गारठलं तर

अंगाचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो, आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि रिकामं पोट असेल तर आठ-दहा अंशांतही हे होतं. खुणा ओळखा: जोराची थरथर, बोटांना गुंडी लावता न येणं, बोलताना जीभ जड होणं, चालताना ठेचकाळणं, विनाकारण चिडणं किंवा एकदम गप्प होणं. ‘मी ठीक आहे, तुम्ही पुढे व्हा’ असं तो म्हणाला तरी ऐकू नका.

लगेच आडोशाला न्या. ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली कॅरीमॅट, वर बॅग, डोकं झाकलेलं. कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीशी. शुद्धीत असून गिळता येत असेल तर गुळाचं कोमट पाणी घोट-घोट पाजा. हातपाय चोळू नका आणि शेकोटीसमोर भाजू नका. हातापायांतलं गार रक्त एकदम छातीकडे आलं तर हृदयावर ताण येतो. दारू तर नाहीच, ती कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावते आणि उरलेली ऊबही बाहेर घालवते. थरथर थांबली पण माणूस गुंगीत गेला, तर तो बरा झालेला नाही, जास्त बिघडला आहे. ११२ किंवा १०८ वर फोन करा. रेंज नसेल तर दोघांनी जवळच्या गावात जायचं, एकाने तरी त्याच्याजवळ थांबायचं. म्हणूनच पहिल्या चालीला किमान चार जण हवेत.

रोज संध्याकाळी रेंज असेल तिथून घरच्या एकाच माणसाला मुक्कामाचं गाव कळवा, आणि उद्या रात्री आठपर्यंत निरोप आला नाही तर काय करायचं तेही त्याला आधीच सांगून ठेवा. फोन आणि टॉर्चचे सेल रात्री स्लीपिंग बॅगेत घ्या, गारठ्यात बॅटरी लवकर उतरते.

साताऱ्यात पोचलात की बॅग तशीच माळ्यावर टाकू नका. स्लीपिंग बॅग आणि तंबू दोन दिवस सावलीत, वारा लागेल असे पसरा, आणि उरलेला शिधा ताजव्यावर मोजा. कुठलं पाकीट परत आलं आणि कुठलं तिसऱ्या दिवशीच संपलं ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या चालीचा शिधा त्या वहीवरून बांधायचा.